देणे

मराठीत ‘देणे’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. क्रियापद असताना तो दात्याचा असतो. नाम झाला की ऋणकोचा होतो. म्हणूनच एखाद्याच्या डोक्यावर देणे असते आणि ते फेडावे लागते. साथीच्या काळात धर्मादाय रुग्णालयाने फोनच्या पडद्यावरून मदत मागितली आणि दूरच्या अनोळखी माणसाने पाचशे रुपये पाठवले, तर ते यांपैकी कोणते देणे समजायचे, हा धर्मविचारातला प्रश्न आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन ग्रामीण तालुक्यांत तो फार टोकदारपणे उभा राहतो, कारण तिथे कोण कोणाला काय देत आले आहे याचा हिशेब दिसतो तसा नाही.

अशा आवाहनाचा साचा २०२०-२१ मध्ये सगळीकडे जवळपास एकच होता. रुग्णालयाचे नाव, खाटांची संख्या, ऑक्सिजनची निकड, हवी असलेली रक्कम, जमलेली रक्कम दाखवणारी पट्टी, एखाद्या रुग्णाचे छायाचित्र, क्यूआर कोड आणि तळाशी प्राप्तिकरातल्या सवलतीची ओळ. मिलाप (२०१०) आणि केटो (२०१२) यांसारखे लोकवर्गणीचे मंच आधीच रुळले होते. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयमुळे शंभर रुपये पाठवणेही चुटकीसरशी होऊ लागले होते. पूर्वी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणाऱ्याला दारातल्या माणसाचा चेहरा दिसे, आणि त्यालाही मागणाऱ्याचा. आता मागणारा एका व्हॉट्सअॅप गटातून दुसऱ्यात जातो आणि देणाऱ्याचा चेहरा कोणालाच दिसत नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे तालुके तिकडे गेले. ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी यांवर शहरांची छाया आहे. शहापूर आणि मुरबाड हीच ग्रामीण शिल्लक. जिल्ह्याची सरासरी काढली की हे दोन्ही तालुके त्यात विरघळतात, आणि ठाण्यासारख्या जिल्ह्यात डॉक्टरांची काय वाण, असे बाहेरच्याला वाटते. शहापूर तालुका पूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. कुणबी-आगरी गावांच्या कडेला महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी यांचे पाडे आहेत. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. त्यापुढे गेले की कल्याण, ठाण्याचे सिव्हिल आणि शेवटी मुंबईचे केईएम, जेजे किंवा सायन. रस्ता न पोहोचलेल्या पाड्यावरून रुग्णाला अजूनही झोळीत घालून खांद्यावरून आणावे लागते. अशा ठिकाणी धर्मादाय रुग्णालय सरकारी व्यवस्थेला पूरक नसते, बऱ्याचदा तिच्या जागीच असते.

एरवी अशा रुग्णालयाचा खर्च तीन झऱ्यांवर चालतो: ज्याला परवडते त्या रुग्णाचे शुल्क, नेहमीचे देणगीदार आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांतून मिळणारी भरपाई. साथीत तिन्ही झरे एकदम आटतात. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, बाह्यरुग्ण विभाग ओस पडले, आणि देणगी देणाऱ्या व्यापाऱ्याचे दुकानही बंद होते. त्याच वेळी मास्क, पीपीई किट, जंबो सिलिंडर, विलगीकरणासाठी वाढवलेल्या पाळ्या असा खर्च फुगत गेला. खाटा भरलेल्या आणि तिजोरी रिकामी, ही धर्मादाय रुग्णालयाची साथीतली नेहमीची अवस्था. तातडीचे आवाहन इथून निघते.

आता दानाकडे. या दोन तालुक्यांच्या डोंगरांत दानाचे फार जुने पुरावे आहेत. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढून गेले की माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि त्यांत वाटलेल्या दक्षिणेची ती यादी: गायी हजारांनी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. दान इथे मोजून, मोठ्या आकड्यांत, वाटसरूंना दिसेल असे कोरलेले आहे. शहापूरकडून कसारा घाट चढून नाशिकला पांडवलेण्यांत गेले की वेगळाच लेख भेटतो. तिसऱ्या शतकातल्या आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने तिथल्या भिक्षुसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी अक्षयनीवी ठेवली. ही रक्कम गोवर्धन नगरातल्या व्यावसायिकांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिली होती. मुद्दल हलवायचे नाही, व्याजातून औषध आणायचे. राणीच्या लेखात दिलेली वस्तू दिसते, उपासिकेच्या लेखात दिल्यानंतरची व्यवस्था. रुग्णालयाच्या हिशेबनिसाला दुसरा लेख अधिक ओळखीचा वाटेल.

धर्मशास्त्राच्या ग्रंथांत रुग्णालयाचे दान हा स्वतंत्र विषय आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा दाखला ठाण्याचाच आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी स्थानक म्हणजे आजचे ठाणे. त्या घराण्यातील अपरादित्य राजाने १२ व्या शतकात याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली; ती अपरार्क या नावाने ओळखली जाते. दानप्रकरणात अपरार्काने नंदिपुराणातला आरोग्यशाळेविषयीचा उतारा घेतला आहे. पुढे देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री यानेही चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडात हा विषय हाताळला, आणि विसाव्या शतकात भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्याची नोंद केली. उताऱ्याचा युक्तिवाद सरळ आहे. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चारही पुरुषार्थ शरीर धड असेल तरच साधतात, म्हणून जो आरोग्य देतो त्याने सगळेच दिले. त्याहून लक्षणीय आहे ते आरोग्यशाळेचे वर्णन. तिथे इमारतीवर भर नाही. चांगली औषधे हवीत, निपुण वैद्य हवा, सेवक हवेत आणि राहण्याची सोय हवी. म्हणजे आजच्या भाषेत वेतन, औषधसाठा आणि कर्मचाऱ्यांची निवासस्थाने. यांपैकी एकही गोष्ट आवाहनाच्या छायाचित्रात बसत नाही. जैन परंपराही आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चार दाने मोजते, त्यांत औषधदान वेगळे गणलेले आहे.

दान कसे असावे याची सर्वांत परिचित कसोटी भगवद्‌गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. द्यायचे म्हणून, परतफेडीची आशा न धरता, देश, काल आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक. मोबदला किंवा फळ डोळ्यांसमोर ठेवून, किंवा कुरकुरत दिलेले राजस. अवेळी, अस्थानी, अपात्राला, अनादराने फेकलेले तामस. जुन्या भाष्यांनी या तीन शब्दांचा अर्थ मर्यादित ठेवला होता: देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखे तीर्थ, काल म्हणजे संक्रांतीसारखे पर्व, पात्र म्हणजे वेदवेत्ता ब्राह्मण. फोनच्या पडद्यावर हा अर्थ लावता येत नाही. तरीही तिन्ही प्रश्न टाळता येत नाहीत, हे थोडा विचार केल्यास कळते.

देशाचे उदाहरण शहापूरच्या रस्त्यावरच घडले. मे २०२० मध्ये मुंबई-ठाण्याहून निघालेले परप्रांतीय मजूर मुंबई-नाशिक महामार्गाने शहापूर, खर्डी, कसारा असे पायी जात होते. रस्त्याकडेच्या लोकांनी त्यांना पाणी, भात, बिस्किटे, चपला दिल्या. त्यासाठी कोणाला आवाहन करावे लागले नाही. गरज दारावरून चालत जात होती. त्याच महामार्गापासून काही किलोमीटर आत, डोळखांब किंवा किन्हवलीच्या पुढच्या पाड्यावर श्वास लागलेला माणूस मात्र कोणाच्याच दारावरून जात नव्हता. देश पाहून द्यायचे तर दोघेही जवळचेच होते, पण एक दिसत होता आणि दुसरा दिसत नव्हता. आवाहनाची नैतिक बाजू इथे आहे: जे दारावरून जात नाही त्याला ते दारापर्यंत आणते. तीर्थाची जागा गरजेने घेतली, असे म्हटले तर जुन्या कसोटीशी फारशी फारकत होत नाही.

कालाचा प्रश्न अधिक अवघड आहे. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला सांगतो की संकटकाळी राजाने प्रजेपुढे भय स्पष्ट मांडावे, तुमच्याच रक्षणासाठी धन मागतो आहे असे म्हणावे, भय टळल्यावर ते परत करण्याचे वचन द्यावे, आणि हे सारे गोड, मऊ, आदराच्या शब्दांत बोलावे. तातडीच्या निधिसंकलनाचे याहून जुने नमुनापत्र शोधूनही सापडणार नाही. गंमत म्हणजे त्यात आजच्या आवाहनातले सगळे काही आहे, एक गोष्ट सोडून. राजा घेतलेले धन परत करण्याचे वचन देतो. आजचे रुग्णालय देत नाही, आणि कोणी मागतही नाही. आपद्धर्म म्हणजे संकटापुरती नियमांत सूट. ही सूट संपते कधी, हा आपद्धर्मातला खरा पेच आहे. दर पंधरा दिवसांनी ‘शेवटचे अठ्ठेचाळीस तास’ म्हणणारे आवाहन आपत्तीला कायमची करून टाकते. मग देणाऱ्याचा कान बधिर होतो आणि खऱ्या अठ्ठेचाळीस तासांना तो प्रतिसाद देत नाही.

पात्राचा प्रश्न सर्वांत नाजूक. पडद्यावरचा दाता पात्रता ठरवतो ती छायाचित्रावरून. डोळे भरलेली आई, नाकाला नळी लावलेले मूल, कुडाची झोपडी. ज्याचे छायाचित्र बोलके नाही तो तेवढाच गरजू असूनही मागे राहतो. तोतरे बोलणारा म्हातारा, व्यसनी पुरुष, नाव विचारल्यावर गप्प राहणारी कातकरी बाई. एकट्या रुग्णासाठी केलेल्या आवाहनात हे टाळणे जवळजवळ अशक्य असते. रुग्णालयासाठी केलेल्या आवाहनात ते टाळता येते. पैसा संस्थेकडे जातो; रुग्ण आणि दाता यांच्यामध्ये संस्था आडपडद्यासारखी उभी राहते; कोणाची खाट कोणाच्या पैशाची हे दोघांनाही कळत नाही. रुग्णाला उपकाराखाली वाकावे लागत नाही. लाडवात नाणे दडवून देण्याच्या आपल्या गुप्तदानाचा हेतूही तोच होता. म्हणून रुग्णालयाने मदत मागताना पुन्हा एखाद्या रुग्णाचाच चेहरा पुढे करणे म्हणजे हाती असलेला पडदा स्वतःच फाडणे होय. चेहरा दाखवल्याने रक्कम लवकर जमते, हे खरे असेल. गीतेतल्या ‘अनादराने’ या शब्दाचा विचार त्या ठिकाणी करावा लागतो.

गुप्तदानाची इथे आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. साथीच्या काळी लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ११५बीबीसीनुसार धर्मादाय संस्थेला आलेल्या निनावी देणग्यांवर ठरावीक मर्यादेपुढे ३० टक्के कर होता. निव्वळ धार्मिक न्यासाच्या दानपेटीला मात्र त्यातून सूट होती. देवापुढे निनावी राहता येत होते, रुग्णालयापुढे नाही. कारण व्यवहार्य होते, काळा पैसा रोखण्याचे. तरी जुन्या विचारात ज्या दानाचे मोल अधिक, त्यावरच कर बसला. दुसरीकडे त्याच कायद्याच्या कलम ८०जीखाली करसवलतीची पावती मागणारा दाता फळावर डोळा ठेवतो म्हणून राजस ठरतो काय? तसे ठरवणे घाईचे होईल. पावतीने पैसा कुठे गेला हे विचारण्याचा हक्कही मिळतो, आणि संस्थेला उत्तर द्यावे लागते. विचारणाऱ्या दात्यापेक्षा न विचारणारा दाता संस्थेला सोयीचा असतो. चांगला असतोच असे नाही.

इस्लामी विचारात पात्राचा प्रश्न अधिक काटेकोरपणे बांधलेला आहे. जकात म्हणजे वर्षभर राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा, आणि तो कोणाला द्यायचा याचे आठ वर्ग ठरलेले आहेत. हनफी मतानुसार जकात गरजूच्या मालकीची झाली पाहिजे. त्यामुळे इमारत किंवा डॉक्टरांचे वेतन यांसाठी ती चालत नाही. गरीब रुग्णाच्या हाती दिलेले औषध चालते. बाकीचा खर्च सदक्यातून, म्हणजे ऐच्छिक दानातून, भागवावा लागतो. नंदिपुराण वैद्य आणि सेवक यांना दानाच्या आत घेते, हनफी शास्त्र जकातीला रुग्णाच्या हातापर्यंत नेऊन सोडते. दोन्हींमागे एकच शंका आहे: मधल्या संस्थेने पैसा वाटेत अडवला तर काय? २०२१ चा रमजान एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, म्हणजे दुसऱ्या लाटेच्या ऐन माऱ्यात आला. त्या वर्षी १४ मे रोजी ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी होत्या.

अक्षय्य तृतीयेला महाराष्ट्रात पितरांच्या नावाने उदकुंभ देतात. वैशाखाच्या उन्हात पाण्याने भरलेला घडा, हे त्या दिवसाचे मुख्य दान. आणि पाणी म्हटले की शहापूरचा हिशेब उलटा होतो. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणापासून मुंबई या परिसराचे पाणी पीत आली आहे. वैतरणेवर मोडक सागर झाला, मग भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर आहे. त्यातले सुमारे ७.१७ लाख, म्हणजे जवळपास निम्मे, एकट्या भातसात. मुरबाडच्या कडेला बारवी धरण आहे, ते जिल्ह्यातल्या शहरांना आणि कारखान्यांना पाणी पुरवते. याच शहापुरातल्या अनेक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मोठमोठ्या जलवाहिन्या या तालुक्यांतून निघून नैऋत्येकडे, शहराकडे जातात. एखाद्या बाईने हंडा घेऊन टँकरमागे धावायचे आणि तिच्याच धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या शहरातून तिच्यासाठी ‘दान’ यायचे, हे वाक्य धर्मशास्त्राच्या व्याकरणात बसत नाही.

ते का बसत नाही, हे गीतेच्याच एका शब्दाने सांगता येते. सात्त्विक दान अनुपकारी माणसाला द्यावे असे तिथे म्हटले आहे. शंकराचार्य त्याचा अर्थ करतात तो पुढे पाहून: परतफेड करू न शकणारा, किंवा करू शकत असला तरी ज्याच्याकडून अपेक्षा ठेवलेली नाही असा. पण शब्दाचा साधा अर्थ मागे पाहणाराही आहे: ज्याने आपल्यावर आधी उपकार केलेला नाही. या अर्थाने मुंबईकराला शहापूर अनुपकारी ठरत नाही. त्याच्या घरच्या नळातून रोज उपकार वाहतो. तेव्हा तो जे पाठवतो ते चांगले असेल, आवश्यक असेल, पण दान नसेल. ती परतफेड आहे.

परतफेडीसाठी परंपरेत वेगळा शब्द आहे, ऋण. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे घेऊन जन्मतो असे सांगितले आहे. शतपथ ब्राह्मण त्यात चौथे मनुष्यऋण घालते, आणि ते अन्न व आसरा देऊन फेडायचे असते. ही ऋणे कोणी करार करून घेतलेली नाहीत. त्यामुळे ‘धरण मी बांधले नाही, मला विचारलेही नव्हते’ हा मुंबईकराचा आक्षेप इथे टिकत नाही. ऋषींनाही कोणी विचारले नव्हते. दान आणि ऋण यांतला व्यवहारातला फरक मोठा आहे. दान दिल्याचे पुण्य मिळते, ऋण फेडल्याचे मिळत नाही. दान मनात आले तर द्यायचे असते. ऋणाला तगादा लावता येतो. दानाचा आकडा दाता ठरवतो, ऋणाचा आकडा आधीच ठरलेला असतो.

पण ऋण हा शब्दही या तालुक्यांत निर्मळ नाही, आणि तो सरसकट वापरणाऱ्याने हे लक्षात ठेवलेले बरे. कातकऱ्यांना याच शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवले गेले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी गडी म्हणून राबायचे, पावसाळ्यात घेतलेल्या उचलीपायी आठ महिने वीटभट्टीवर जायचे, आणि हिशेब कधीच संपायचा नाही. ठाणे जिल्ह्यातील वेठबिगारी मोडण्यासाठी १९८० च्या दशकापासून श्रमजीवी संघटनेला लढावे लागले ते याच हिशेबाविरुद्ध. ऋण सांगणारा बलवान असला की ऋण वेठबिगारी होते. म्हणून मनुष्यऋणाची भाषा वापरायची तर ती ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्या अंगावर लावली पाहिजे. शहराने स्वतःला ऋणको म्हणावे; पाड्यावरच्या माणसाला ‘तुझ्यावर रुग्णालयाचे उपकार आहेत’ असे सांगण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे. मग धर्मादाय रुग्णालयाला मदत म्हणजे सरकारच्या कामचुकारपणाला झाकण, असा आक्षेप येतो. तो अर्धाच खरा आहे. महाराष्ट्रात कायद्याने धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत एक वेगळी वाट काढली. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत घालायची. करातल्या आणि इतर सवलती घेतल्या, तर गरिबाची खाट ही मेहेरबानी राहत नाही, ती देणे होते. इथे कायद्याने दानाचे नामरूप उघडपणे बदलले. शहापूरचा रुग्ण मुंबईच्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात जातो तेव्हा तो या योजनेखाली हक्कदार असू शकतो. अनेकदा त्याला हे माहीत नसते आणि प्रवेशकक्षातला कारकून आपणहून सांगत नाही.

आवाहनाच्या पडद्यावर शहापूर-मुरबाडचा माणूस कायम घेणाऱ्याच्या बाजूला दिसतो. मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले होते; पैसे फोनने किंवा कार्डाने देणे म्हणजे काय, हे इथल्या लोकांना नवे नव्हते. तरी इथले देणे मुख्यतः पैशाचे नसते. भातलावणीच्या वेळी एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबण्याला सावड म्हणतात; घाटापलीकडच्या जुन्नर-आंबेगावात त्याच जातीची पडकई आहे. सावड हे दान नाही, मजुरी नाही आणि सावकारी ऋणही नाही. कोणाचे कोणावर किती उरले हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी लिहून ठेवत नाही. झोळी खांद्यावर घेऊन पाच किलोमीटर चालणारे चौघे, रुग्णाच्या नातेवाइकासाठी डबा देणारी शेजारीण, पायलीभर तांदूळ आणून टाकणारा शेतकरी, यांची बेरीज पडद्यावरच्या पट्टीत कधी धरली जात नाही. महाराष्ट्राच्या वर्गणीच्या परंपरेत ती धरली जाई. लोकांच्या पैशापैशातून उभ्या राहिलेल्या पैसाफंडाने १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना काढला. रयत शिक्षण संस्थेची वसतिगृहे मूठभर धान्याच्या मुष्टिफंडावर चालली. अलीकडचे उदाहरण पारनेर तालुक्यातील भाळवणीचे: २०२१ च्या उन्हाळ्यात तत्कालीन आमदार नीलेश लंके यांनी तिथे उभारलेल्या सुमारे १,१०० खाटांच्या कोविड केंद्राला लोकांनी पैशांबरोबर धान्य, फळे, अंडी असे जिन्नसही पोहोचवले.

राहिला प्रश्न जमलेल्या पैशाचा. तातडीच्या आवाहनात यंत्र मागणे सोपे असते, कारण यंत्राचे छायाचित्र काढता येते आणि त्यावर नाव घालता येते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण गेले. पुढच्याच महिन्यात मराठवाड्याला मिळालेल्या व्हेंटिलेटरांतील बिघाडाचा विषय उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आला. यंत्र होते, देखभालीचे काय हा प्रश्न होता. त्याच काळात परदेशातून येणाऱ्या मदतीलाही वेगळीच अडचण आली. परदेशी देणग्यांच्या कायद्यातील सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने अशी देणगी एका संस्थेने दुसरीला देण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि ती घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत खाते काढावे लागले. परदेशातल्या मराठी माणसाचा पैसा मोठ्या शहरी संस्थेकडून छोट्या ग्रामीण रुग्णालयाकडे वळवण्याची वाट त्यामुळे बंद झाली, तीही लाटेच्या ऐन तोंडावर.

आपत्ती ओसरल्यावर उरलेली रक्कम ही दुसरी अडचण. गणेशमंडळाला वर्गणीसाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१सीखाली धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते, त्याच अधिनियमात कलम ५५ आहे: न्यासाचा मूळ हेतू साधणे अशक्य झाले तर त्याला जवळच्या हेतूकडे पैसा वळवण्याची वाट. ऑक्सिजनसाठी मागितलेल्या पैशातून साथ संपल्यावर परिचारिकेचा पगार द्यावा काय? आवाहनात ‘कोविड ऑक्सिजन निधी’ असे लिहिले असेल तर न विचारता देता येणार नाही. ‘रुग्णालयाच्या कामासाठी’ असे लिहिले असेल तर देता येईल. भीष्माच्या राजाने परत करण्याचे वचन दिले होते. रुग्णालयाला निदान दात्यांना कळवता येते आणि त्यांची संमती मागता येते. आवाहन लिहिणाऱ्याने पहिल्याच दिवशी ही ओळ विचार करून लिहायची असते, आणि नेमक्या त्या दिवशी कोणाला सवड नसते.

विष्णुदत्तेने ती ओळ दगडावर कोरून घेतली होती. आजाऱ्यांचे औषध, एवढाच हेतू. कुलरिकांच्या श्रेणीकडे १,००० कार्षापण, पाण्याची यंत्रे करणाऱ्या ओदयांत्रिकांकडे २,०००, आणि आणखी काही रकमा तेल्यांसह इतर श्रेणींकडे. लेखाचा हा भाग झिजला आहे, त्यामुळे पुढचे सगळे आकडे आता नीट लागत नाहीत.